गाडीमागचा हूक : ठेवावा की काढावा?

बैलगाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सकाळी बैलांच्या मानेवर जू ठेवतात. शिवळा घालतात. जोते बांधतात. मग गाडी कामाला लागते. संध्याकाळी गाडी सुटली, की आधी जू उतरवतात. मग पाणी, मग वैरण. काम नसताना बैलाच्या मानेवर जू ठेवणारा शेतकरी शोधूनही सापडायचा नाही.

आता पुष्कळ ठिकाणी बैलाची जागा मोटारीने घेतली आहे. मोटारीलाही एक जू असते. ते पुढे नसते, मागे असते. त्याला आपण हूक म्हणतो. या हुकाला ट्रॉली जोडतात, पाण्याची टाकी जोडतात, जनरेटरचा गाडा जोडतात.

बैलाचे जू संध्याकाळी उतरते. मोटारीचा हूक मात्र बारा महिने लागलेला असतो. तो ठेवावा की काढावा? आज याच गोष्टीचा विचार करू.

कोल्हारचा रस्ता

कोल्हार हे प्रवरेच्या काठचे गाव. इथे भगवतीमातेचे देऊळ आहे. नगर-मनमाडचा मोठा रस्ता गावातूनच जातो. इथूनच एक फाटा लोणीकडे जातो, दुसरा बेलापूर-श्रीरामपूरकडे. लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून हंगाम लागला, की या भागातल्या रस्त्यांवर उसाची रीघ लागते. पूर्वी नुसत्या बैलगाड्या असत. आता ट्रॅक्टर आले. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात.

त्याच रस्त्याने शिर्डीचे भाविक जातात. कोणी मोटारीने जातो, कोणी पालखीबरोबर पायी जातो. शाळेची पोरे सायकलवर असतात. दूधवाले मोटारसायकलवर असतात. कांदा, पेरू, डाळिंब घेऊन पिकअप गाड्या बाजाराला निघतात.

म्हणजे इथे प्रत्येक गाडीच्या मागे कोणी ना कोणी असतेच. हुकाचा विचार करताना ही गोष्ट सारखी ध्यानात ठेवायची. हूक आपल्या गाडीचा असतो, पण तो तोंड करून असतो मागच्या माणसाकडे.

एका घरातला वाद

समजा, कोल्हारात एक घर आहे. घरात आबा आहेत, थोरला मुलगा आहे, सूनबाई आहे. घरची एक पिकअप गाडी आहे. थोरला तिच्यातून माल वाहतो. लग्नसराईत तो मांडववाल्याचा जनरेटर ओढून नेतो. त्यासाठी त्याने गाडीमागे हूक बसवून घेतला आहे. सूनबाई रात्रीच्या साक्षरता वर्गाला जाते.

एके दिवशी आबा गाडीमागून चालले होते. हूक त्यांच्या नडगीला लागला. रक्त आले.

आबा म्हणाले, "काढून टाक तो हूक. काम ना धाम, उगीच शिंग बाहेर काढून उभी असती गाडी."

थोरला म्हणाला, "आबा, लग्नसराई आली का मग पुन्हा लावायचा का? जनरेटरचं भाडं बुडंल. आन् कुनी मागून धडकलं, तर हूकच मार खातो. गाडी वाचती."

आबा म्हणाले, "गाडी वाचती. धडकणाऱ्याचं काय?"

थोरला गप्प बसला. मग सूनबाई म्हणाली, "आबा, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. आधी हिशेब तर करू. हूक वरसातून किती दिवस लागतो?"

थोरल्याने बोटे मोजली. मांडवाचे काम वर्षाला चोवीस दिवस. बाकी काही नाही.

सूनबाईने पाटीवर लिहिले :

वर्षाचे दिवस ३६५
कामाचे दिवस २४
रिकामे दिवस ३४१

थोरला पाटीकडे पाहतच राहिला. चोवीस दिवसांच्या कामासाठी तीनशे एक्केचाळीस दिवस हूक रस्त्यावर मिरवत होता.

हूक आणि कडी एक नव्हेत

पुढे जाण्याआधी एक फरक समजून घेऊ.

गाडीला कारखान्यातूनच एक ओढ-कडी येते. गाडी बंद पडली, चिखलात रुतली, तर दोर बांधायला ती असते. ती चासीला पक्की जोडलेली असते. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. ही कडी कधी काढायची नाही. ती अडीअडचणीची आहे.

हूक निराळा. तो ट्रॉली ओढायला असतो. काही हुकांना पिन असते. ट्रॉलीच्या दांडीचे भोक हुकाच्या भोकावर आणतात आणि वरून पिन सोडतात. काही हुकांवर लोखंडी गोळा असतो. ट्रॉलीची वाटी त्या गोळ्यावर बसते.

काळ्या रानात गाडी रुतली, की कोणी त्या गोळ्यालाच साखळी अडकवतात आणि हिसका देतात. असे कधी करू नये. गोळा सावकाश ओढण्यासाठी केलेला असतो, हिसक्यासाठी नव्हे. हिसक्याने तो तुटला, तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. अशाने माणसे दगावली आहेत. रुतलेली गाडी काढायची, तर दोर ओढ-कडीला बांधा. बघ्यांना दूर उभे करा. दोर ताणलेला असताना त्याच्या जवळ कोणी थांबू नये.

हूक का ठेवावा?

थोरल्याच्या बाजूने आधी बोलू. हूक असला, की गाडीचे काम वाढते. जनरेटर, काँक्रीट कालवायचे यंत्र, पाण्याची टाकी, हवेचा कॉम्प्रेसर ही चाकावरची सामाने असतात. ती हौद्यात चढवायला चार माणसे लागतात. हुकाला जोडली, तर एक माणूस नेतो. ज्याचे हे रोजचे काम आहे, त्याने हूक रोज काढ-घाल करणे परवडत नाही. घाईने बसवलेला हूक नीट न बसण्याचीही भीती असते.

म्हणून ज्याची गाडी आठवड्यातून चार दिवस काही ओढते, त्याने हूक ठेवावा. मात्र तो दिसेल असा ठेवावा आणि त्याची निगा राखावी.

हूक का काढावा?

आता आबांच्या बाजूने बोलू.

पहिली गोष्ट. हूक गाडीच्या मागे हातभर पुढे आलेला असतो. तो काळा असतो आणि खाली असतो. रात्री तो दिसत नाही. गाडी उभी असली, की बाया-पोरे मागून वळसा घालतात आणि नडगी फोडून घेतात. हे झाले लहान दुखणे.

दुसरी गोष्ट मोठी आहे. मोटारसायकलवाला मागून येतो. पुढची गाडी एकदम थांबते. तो गाडीवर आदळतो. पत्रा असेल, तर पत्रा दबतो. बंपर रुंद असतो, त्यामुळे मार पसरतो. हूक मात्र मुठीएवढा. सगळा मार त्या एका जागी बसतो. कुऱ्हाडीचा दांडा लागला तर सूज येते, पाते लागले तर हाड तुटते. जोर तोच, जागा लहान.

तिसरी गोष्ट. "हूक मार खातो, गाडी वाचती," असे थोरला म्हणाला. ते अर्धेच खरे आहे. बंपर आणि पत्रा दबतात, तेव्हा धक्क्याचा काही जोर त्यांतच जिरतो. हूक दबत नाही. तो चासीला जोडलेला असतो. म्हणून धक्का सरळ चासीत जातो. बाहेरून गाडी चांगली दिसते, आत सांगाडा वाकलेला असतो. तो खर्च बंपरपेक्षा मोठा.

चौथी गोष्ट. वापरात नसलेला हूक गंजतो. पिन भोकात धरते. नट ढिले होतात. आणि नेमक्या गरजेच्या दिवशी घात होतो.

पाचवी गोष्ट. हूक किंवा त्याचा गोळा नंबराच्या पाटीआड येता कामा नये. नंबर स्वच्छ दिसला पाहिजे, हा आपल्याकडचा नियम आहे. इंग्लंडातही पाटी झाकणारा हूक चालत नाही.

वजनाचा हिशेब

हुकाला ट्रॉली लावली, की काही वजन मागे येते. ते फक्त ओढायचे वजन नसते. ट्रॉलीची दांडी हुकावर दाबही देते.

गाडीवान हे जाणतो. बैलगाडीत माल मागे जास्त भरला, की गाडी उलाळ होते. जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे फार भरला, तर बैलाची मान दबते. शहाणा गाडीवान माल असा लावतो, की जुवावर थोडासाच भार येईल.

ट्रॉलीचेही तसेच. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यावा. ट्रॉली उलाळ भरली, तर ती पळताना शेपटीसारखी हलते आणि पुढच्या गाडीलाही हलवते.

आता आकडे मांडू. समजा, भरलेला गाडा ६०० किलोचा आहे. त्याचा दहावा भाग ६० किलो. एवढा दाब हुकावर येतो. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे. हूक मागच्या चाकाच्या १ मीटर मागे आहे. आता काय होते? पहार घेऊन दगड उचलतो, तसेच होते. मागचे चाक टेकण बनते. मागे ६० किलो दाबले, की पुढची चाके २० किलोने हलकी होतात. मागच्या चाकांवर ६० आणि २० मिळून ८० किलो वाढतात.

पुढची चाके हलकी झाली, की स्टिअरिंग हलके होते. हलके स्टिअरिंग हाताला बरे वाटते, पण चाकांची पकड कमी झालेली असते. आधीच हौदा मागे भरला असेल आणि वर गाडा जोडला असेल, तर ओल्या रस्त्यावर गाडी ऐकत नाही.

सूनबाईने गाडीचे कागद काढले. वर्गात आकडे शिकली होती, तेव्हा तिला ते वाचता आले. कागदावर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे. दुसरे मालासकट जास्तीत जास्त किती चालेल, त्याचे. दुसऱ्यातून पहिले वजा केले, की माल आणि माणसे मिळून किती न्यायची ते कळते. हुकावरचे ६० किलो याच मालात धरायचे असतात.

तिने थोरल्याला विचारले, "अहो, गाडीच्या पुस्तकात ओढायचं वजन कुठं दिलंय?"

थोरल्याने पुस्तक कधी उघडलेच नव्हते.

ध्यानात ठेवा. गाडी करणाऱ्या कारखान्याच्या पुस्तकात ओढण्याचे वजन दिलेले असेल, तर तेवढेच ओढावे. दिलेले नसेल, तर शोरूममध्ये विचारून लेखी घ्यावे. "शेजारच्याची गाडी ओढती," हा पुरावा नव्हे.

ब्रेक कोणाचे?

लहान ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. मग पुढची गाडी थांबवायची आणि मागची ट्रॉलीही थांबवायची, हे सगळे काम पिकअपच्या ब्रेकवर येते. म्हणून थांबायला जास्त जागा लागते.

वेगाचाही एक हिशेब आहे. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ४० किलोमीटरला जर १० मीटर लागले, तर ताशी ८० किलोमीटरला ४० मीटर लागतील. मागे ट्रॉली असली, तर त्याहून जास्त.

कायदा काय सांगतो?

मोटारवाहन कायदा १९८८ सालचा आहे. या कायद्यात ट्रॉलीलाही मोटारवाहनच मानले आहे. म्हणून ट्रॉलीची वेगळी नोंदणी करावी लागते आणि विमाही लागतो. ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीच्या मागे लिहावा लागतो. दोन ट्रॉल्या असतील, तर शेवटच्या ट्रॉलीवर लिहावा लागतो. कारण मागच्या माणसाला पुढची गाडी दिसत नाही.

गाडीत मनाला येईल तसा बदल करायलाही त्याच कायद्याने बंदी आहे. म्हणून हूक बसवण्याआधी परिवहन कचेरीत विचारावे. कोल्हारच्या लोकांना श्रीरामपूरची कचेरी आहे. एम. एच. १७ हा तिचा नंबर. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारता बसवलेल्या हुकामुळे अपघात झाला, तर विम्याच्या वेळी वाद होतो.

मधला मार्ग

हूक ठेवणे आणि हूक काढणे, यांत एक मधला मार्ग आहे. तो म्हणजे काढता-घालता येणारा हूक.

यात चासीखाली एक चौकोनी नळी पक्क्या बोल्टांनी बसवलेली असते. ती बाहेर येत नाही. काम असेल, तेव्हा हूक नळीत सरकवतात. आडवी पिन घालतात. पिन निसटू नये म्हणून तिला क्लिप लावतात. काम झाले, की पिन काढून हूक ओढून घेतात. पाच मिनिटांचे काम. नळीच्या तोंडाला रबरी टोपण लावतात, म्हणजे चिखल जात नाही.

गावात कोणी स्वस्तात वेल्डिंग करून हूक चिकटवून देतो. तसे करू नये. लोहार नांगराचा फाळ तापवतो आणि पाणी देतो, तेव्हा लोखंडाचा गुण बदलतो, हे आपण जाणतो. चासीचेही लोखंड तापले, की त्याचा गुण बदलतो. तिथेच पुढे चीर पडते. शिवाय वेल्डिंगचा हूक काढायचा, तर पुन्हा ज्योत चालवावी लागते.

काढलेला हूक हौद्यात सुटा टाकू नये. ब्रेक दाबला, की तो उडतो. सीटमागे बांधून ठेवावा, नाही तर घरी ठेवावा. त्याला तेलाचा हात लावावा.

ओढायच्या दिवशी

ओढायला निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. ही कामे करा :

१. हुकाचे नट पान्याने तपासा. नुसत्या डोळ्यांनी नको.
२. जोडावर चीर आहे का पाहा. रंग सुटलेला असेल आणि गंजाची बारीक रेघ दिसत असेल, तर तिथे चीर असते.
३. पिनला क्लिप लावा. पिनऐवजी सळईचा तुकडा किंवा तार कधीही वापरू नका.
४. दोन साखळ्या लावा. दांडीखाली त्यांची फुली करा. पिन तुटली, तर दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणाला पुरेल एवढी सैल ठेवा, पण रस्त्याला घासेल एवढी नको.
५. ट्रॉलीच्या मागचे लाल दिवे लागतात का पाहा. लाल चमकपट्टी पुसून घ्या. धुळीने माखलेली पट्टी चमकत नाही.
६. ट्रॉलीत किंवा दांडीवर माणूस बसवू नका.

बंद पडलेली गाडी ओढताना दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. दोराला पांढरे किंवा लाल फडके बांधा, नाही तर मोटारसायकलवाला दोन गाड्यांच्या मधून घुसतो. सावकाश चला. ताशी २० किलोमीटर पुष्कळ झाले.

मग ठरले काय?

त्या घरात असे ठरले. जुना हूक मिस्त्रीकडून काढून घ्यायचा. कचेरीत आणि शोरूममध्ये विचारायचे. होकार मिळाला, तर नळीचा हूक बसवायचा. चोवीस दिवस लावायचा, बाकी दिवस घरात ठेवायचा. होकार मिळाला नाही, तर जनरेटर मांडववाल्याने ट्रॅक्टरने न्यावा. भाडे थोडे जाईल. पण घरातल्या आणि परक्याच्या पायाची किंमत त्याहून मोठी.

थोरला म्हणाला, "समजा, एखाद्या दिवशी काढायचा राह्यला तर?"

सूनबाई म्हणाली, "त्या दिवशी त्याच्यावर लाल डबा उपडा घाला, आन् वर फडकं बांधा. दिसला तर लोक चुकवतील."

आबा हसले. म्हणाले, "जू उतरवायला बैल सांगत नाही. आपल्यालाच कळावं लागतं."

तुमच्या घरी पिकअप असेल, जीप असेल, ट्रॅक्टर असेल. स्वतःला तीन प्रश्न विचारा. हूक वर्षातून किती दिवस लागतो? ओढायचे वजन गाडीच्या पुस्तकात बसते का? माझ्या गाडीमागे कोण चालते? उत्तरे पाटीवर लिहा. ठेवायचा की काढायचा, ते तुम्हालाच कळेल.

शब्दांचे अर्थ

उलाळ – मागे जड झालेली (गाडी)
चासी – मोटारीचा लोखंडी सांगाडा
टेकण – ज्याच्यावर पहार टेकतो ती जागा
नडगी – गुडघ्याखालचे पुढचे हाड

उत्तरे सांगा

१. ओढ-कडी आणि हूक यांत काय फरक आहे?
२. चिखलात रुतलेली गाडी हुकाच्या गोळ्याला साखळी बांधून का ओढू नये?
३. ट्रॉलीच्या मागे कोणता नंबर लिहावा लागतो? का?
४. साखळ्यांची फुली का करतात?

हिशेब करा

१. एका गाडीचा हूक महिन्यातून ३ दिवस लागतो. वर्षातून किती दिवस लागतो? किती दिवस रिकामा असतो?
२. भरलेला गाडा ४५० किलोचा आहे. हुकावर साधारण किती दाब यावा? मागच्या चाकामागे १ मीटरवर हूक आहे आणि चाकांत ३ मीटर अंतर आहे. पुढची चाके किती किलोने हलकी होतील?
३. रिकामी गाडी १,७०० किलोची आहे. मालासकट २,९०० किलो चालते. माल आणि माणसे मिळून किती किलो नेता येतील?

पाटीवर लिहा

काम झाले, जू उतरवा.
काम झाले, हूक काढा.
मागून येणारा माणूस आपलाच आहे.